स्टॉपरचे बूट आणि गणपती पेठेजवळची काकांची टपरी

लई दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज लिहितोच. सांगली-मिरजेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना, त्यातही मागं खेळणाऱ्यांना, म्हणजे स्टॉपरसारख्या गोलसमोर बचाव करणाऱ्यांना, ही माहिती उपयोगी पडेल. सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला चप्पल-बूट दुरुस्तीची एक टपरी आहे, बोर्ड वगैरे काही नाही, वर निळी ताडपत्री आणि खाली पोत्यावर बसलेले काका. मी तिथून आत्तापर्यंत चार जोड शिवून घेतलेत, दोन माझे आणि दोन आमच्यात खेळणाऱ्या पोरांचे, त्यामुळं एका दिवसाच्या अनुभवावर बोलत नाही.

झालं असं, मी ऑनलाइन 2,200 रुपयांचे स्टडचे बूट मागवले होते. दोन महिन्यांत उजव्या बुटाचा सोल अंगठ्यापाशी उघडला, मॅचच्या मध्येच, कॉर्नर काढायला उडी मारली आणि खाली आलो तर पायाखाली नुसतं फडफड फडफड. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की वापरामुळं झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. मला ते आजही पटलेलं नाही. दोन महिन्यांत सोल सुटतो म्हणजे पेस्टिंगच कच्चं होतं.

तर ते बूट घेऊन काकांकडं गेलो. काकांनी बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला आणि मान वर न करता विचारलं, "पैलवान, मागं खेळतोस काय?" मी म्हटलं, काका तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "पुढचे खिळे घासलेत, टाच कोरी हाय. उलटा पळतोस तू." खिळे म्हणजे स्टड, बुटाच्या तळाच्या खुंट्या. मी पंधरा-सोळा वर्षं स्टॉपरला खेळतोय, पण स्वतःचा बूट असा कधी उलटा करून बघितला नव्हता. खरंच आहे ते, स्टॉपर निम्मी मॅच समोरच्या फॉरवर्डकडं तोंड करून चवड्यावर मागं सरकत असतो, त्यात आपली मैदानं मुरमाड, गवत नावालाच, त्यामुळं चवड्याखालचं रबर खरवडून निघतं आणि ब्लॉक करताना बुटाची आतली कड सारखी मार खाते. सोल सुटतो तो तिथंच.

काम बघायला मी तिथंच स्टुलावर बसलो. आधी जुनं चिकटवायचं सोल्युशन रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या पात्यानं, पूर्ण खरवडून काढलं, बाकी ठिकाणी त्याच्यावरच नवीन फासतात म्हणून आठवड्यात परत सुटतं. मग दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून बूट बाजूला ठेवून दिला, वाळू दिला, नंतर दाबून हातोडीनं ठोकला. आणि मग खरी गोष्ट. सोलच्या कडेनं रापीच्या टोकानं एक बारीक खाच पाडली, बुटाच्या टोकापासून टाचेपर्यंत, आणि आरीनं एकेक भोक पाडत मेण लावलेल्या दोऱ्याची शिलाई त्या खाचेत बसवली. दोरा वर राहिला तर जमिनीला घासून चार दिवसांत तुटतो, खाचेत बसला की जमीन त्याला लागतच नाही. दोन्ही बुटांचे 150 रुपये घेतले. तो जोड त्यानंतर दोन सीझन चालला.

आता थोडं विषयाबाहेरचं वाटेल पण मला ते लिहायचंच आहे. मी मागं का खेळतो याचं कारण एकच, इटलीचा स्टॉपर फाबिओ कॅनावारो. 2006 च्या वर्ल्ड कपला मी सातवीत होतो आणि माझी उंची वर्गात सगळ्यात कमी, सरांनी सांगितलं होतं की स्टॉपर उंचच लागतो, तू विंगला खेळ. आणि टीव्हीवर इटलीचा कॅप्टन कॅनावारो 1.76 मीटरचा, म्हणजे पाच फूट नऊ इंच, आणि त्याच्यापेक्षा हातभर उंच पोरांच्या वर उडी मारून हेड काढतोय. जर्मनीविरुद्धची सेमीफायनल आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाली, एक्स्ट्रा टाइम संपत आला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते, घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होतो. इटली 1-0 पुढं, जर्मनीचा शेवटचा हल्ला चाललेला, कॅनावारोनं हेडनं बॉल बाहेर काढला आणि तिथंच न थांबता बॉलच्या मागं पळत जाऊन तोच बॉल परत हिसकावून घेतला. तिथून टोट्टी, मग जिलार्दिनो, मग देल पिएरोचा गोल, 2-0. सगळे देल पिएरोचा गोल आठवतात. मला ती कॅनावारोची धाव आठवते.

फायनल 9 जुलैला बर्लिनमध्ये, फ्रान्सविरुद्ध, आणि ती त्याची देशासाठीची शंभरावी मॅच होती. 1-1 झाली आणि पेनल्टीवर इटली 5-3 नं जिंकली. अख्ख्या वर्ल्ड कपात इटलीवर दोनच गोल झाले, एक अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच खेळाडूकडून आणि दुसरा फायनलला झिदानची पेनल्टी. त्यात नेस्टासारखा जोडीदार ग्रुप स्टेजलाच जखमी झालेला. त्याच वर्षी कॅनावारोला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, त्याच्या आधी बचावाला खेळणाऱ्यांपैकी फक्त जर्मनीच्या बेकनबाउअर आणि झामर यांनाच तो मिळाला होता.

आणि तो एका रात्रीत तिथं पोचला नव्हता, हे मी पोरांना सारखं सांगतो. नेपल्सचा पोरगा, लहानपणी नापोलीच्या मॅचला बॉल बॉय म्हणून उभा राहायचा, नापोलीतनं 1995 ला पार्माला गेला, मग इंटर, तिथं दुखापतीनं दोन वर्षं वाईट गेली, मग युव्हेंटस. वर्ल्ड कप उचलला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. आपल्याकडचा अनस एडाथोडिका बघा, मुंबई एफसी, मग पुणे एफसी असं वर्षानुवर्षं खेळला आणि भारताची जर्सी मिळाली तेव्हा तिशीत पोचला होता. फॉरवर्डचं एका सीझनला नाव होतं, मागच्या माणसाला टिकून राहावं लागतं. म्हणून मागच्या माणसाचे बूट पण टिकले पाहिजेत, आणि म्हणून मला काकांच्या टपरीचं एवढं कौतुक आहे.

मागच्या वर्षी आमच्यातला एक पोरगा, लेफ्ट बॅक, पुण्याला ट्रायलला निघालेला. वडील हमाली करतात, नवीन बूट घेणं शक्य नव्हतं, आणि त्याच्या जुन्या बुटाचे दोन्ही सोल लोंबत होते. शनिवारी संध्याकाळी गेलो, काकांनी सांगितलं उद्या सुट्टी असते माझी. पोराकडं बघितलं, बुटाकडं बघितलं, आणि बल्बच्या उजेडात रात्री साडेनऊपर्यंत बसून शिवून दिला. पोरानं विचारलं किती झाले, तर म्हणाले, "जाऊन ये आधी." पोरगा पहिल्या फेरीत निवडला गेला, दुसऱ्या फेरीत राहिला. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन 150 रुपये देऊन आला. बूट अजून त्याच्या पायात आहेत.

तक्रारी पण सांगतो. वेळ पाळत नाहीत, उद्या म्हणाले की परवा धरून चाला, मॅचच्या आदल्या दिवशी अजिबात जाऊ नका. पावसाची सर आली की ताडपत्री गुंडाळून निघून जातात, जून ते सप्टेंबर भरवसा नाही. स्टड तुटला असेल तर ते काम त्यांच्याकडं होत नाही, तसं ते तोंडावर सांगतात. आणि विणलेल्या कापडाचे जे मोज्यासारखे बूट आलेत ना, त्यांना शिलाई मारून घेऊ नका, एका पोराचा बूट आरीच्या भोकापासूनच फाटत गेला. काकांनी त्याला आधी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही.

अजून एक, हे माझं स्वतःचं मत. बूट घेतानाच विचार करा. एफजी लिहिलेले लांब स्टड गवताच्या मैदानासाठी असतात, आपल्या कडक जमिनीत ते रुततच नाहीत, सगळा दाब तळव्यावर आणि गुडघ्यावर येतो, सोल पण लवकर सुटतो. छोट्या रबरी खुंट्यांचे टीएफ घ्या, दिसायला भारी नसतात पण पाय वाचतो. आणि नवीन असतानाच, सोल सुटायच्या आधीच, काकांकडून कडेनं शिलाई मारून घ्या. मी आता तसंच करतो, नवीन जोड घरी न नेता आधी टपरीवर नेतो.

सकाळी दहानंतर जा, रविवार सोडून. बूट धुऊन न्या, चिखलाचे घेऊन गेलं की काका हात लावत नाहीत.