व्हिक्ट्रॉन स्मार्टसोलर १००/३०: शेतघरावर आणि कॅम्परव्हॅनमध्ये कसा चालतो

महावितरणचा खांब जिथे पोचलेला नाही अशा शेतघरात बॅटरी आणि पॅनेल निवडताना माणसं दहा ठिकाणी चौकशी करतात. दोघांच्या मधला, पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून भरणारा चार्ज कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो घेतात. बॅटरी तीन वर्षं टिकणार की दहा, हे बऱ्याच अंशी त्याच डब्यावर ठरतं. व्हिक्ट्रॉन ही नेदरलँड्सची कंपनी, आणि तिचा १००/३० हा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलला त्याच्या पूर्ण ताकदीच्या व्होल्टवर चालवणारा, साध्या पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे पॅनेल सरळ बॅटरीला जोडून चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या, कित्येक पट महाग आहे. हे पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे होत नाहीत, ते पाहू.

नावातला १०० हा आकडा पॅनेलच्या बाजूचे कमाल व्होल्ट सांगतो आणि ३० हा बॅटरीकडे जाणारे कमाल अँपिअर. चालतो फक्त १२ आणि २४ व्होल्टवर. ४८ व्होल्टच्या बॅटरीला हा चालणार नाही.

आज बाजारात सहज मिळतं ते ५४० वॅटचं मोनो पॅनेल. ते साधारण ४१.५ व्होल्टला १३ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, म्हणजे १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, जेमतेम १७० वॅट. शिवाय स्वस्त पीडब्ल्यूएमपैकी बरेचसे इतके व्होल्ट सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. १००/३० त्याच पॅनेलमधून १२ व्होल्टच्या बॅटरीत ४४० वॅटपर्यंत आणि २४ व्होल्टच्या बॅटरीत पॅनेल देईल तेवढं सगळं घालतो. म्हणून शेतघरासाठी सरळ २४ व्होल्ट धरा: कंट्रोलर तोच, तारा त्याच आणि काम दुप्पट. ३० अँपिअरच्या वर पॅनेलची ताकद गेली तर काही बिघडत नाही, जास्तीची वीज नुसती घेतली जात नाही. ५४० ची दोन पॅनेलं पॅरललमध्ये जोडली तर शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची टोकं थेट जोडली तर वाहणारा) २८ अँपिअरच्या आसपास होतो, आणि मर्यादा ३५ ची आहे. उन्हाळ्यात भर दुपारी थोडं वाया जाईल, पण श्रावणातल्या ढगाळ दिवशी तेच दुसरं पॅनेल फ्रिज चालू ठेवेल.

व्होल्टच्या बाबतीत मात्र अशी माफी नाही. याच पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) ४९.५ च्या आसपास असतं. दोन सिरीजमध्ये जोडली की ९९, आणि वायरमन म्हणतो, "शंभराच्या आत आहे, चालतंय." पण तो आकडा २५ अंशांचा आहे. पॅनेल गार पडलं की व्होल्टेज चढतं, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडं जास्त. निफाडकडे थंडीत पारा ५ अंशांवर आला की सूर्य उगवताना त्याच जोडीचे १०४ व्होल्ट होतात आणि कंट्रोलर कायमचा जाऊ शकतो. असा बिघाड वॉरंटीत धरून चालू नका. ही मोठी पॅनेलं पॅरललमध्येच जोडायची.

व्हॅनच्या टपावर गणित उलटं होतं. तिथे १०० वॅटची छोटी पॅनेलं असतात, ओपन सर्किट २२ व्होल्टच्या आसपास. चार्जिंग सुरू व्हायला पॅनेल बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट वर असावं लागतं, एकदा सुरू झालं की १ व्होल्ट पुरतो. पत्र्यावर तापलेल्या पॅनेलचे व्होल्ट उतरतात, आणि १४ व्होल्टवर आलेल्या बॅटरीला एकटं पॅनेल काठावरच पुरतं. "ऊन एवढं आहे, पण चार्जिंग सुरू होत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथून येते. तीन पॅनेलं सिरीजमध्ये घ्या. चारही थंडीत ९५ च्या आत राहतात, पण लेबलवरचा आकडा बघून हिशेब करूनच.

आता जोडणी. क्रम असा: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट हे बॅटरीवरूनच ओळखतो. लिथियमचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं रक्षक सर्किट) झोपलेला असेल तर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टच नसतात आणि कंट्रोलरला ओळखायला काही मिळत नाही. आधी बीएमएस उठवा. बॅटरीपर्यंतची तार १६ स्क्वेअर एमएमची, मऊ, बारीक तारांची असू द्या. जाड तारांची कडक केबल स्क्रूखाली नीट दाबली जात नाही. स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, महिन्याभरात सैल पडतो, टर्मिनल तापतं आणि भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. दीड मीटर अंतरावर ४ स्क्वेअर एमएमची घरगुती वायर वापरली तर ३० अँपिअरला जवळपास ०.४ व्होल्ट वायरमध्येच जातात. कंट्रोलरला १४.२ दिसतात, बॅटरीला १३.८ मिळतात आणि ती पुरी भरायला उशीर लागतो. फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. घरातला एसी एमसीबी पॅनेलच्या बाजूला लावू नका. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. डीसी एमसीबीवरही प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्या पाळा.

या कंट्रोलरची खरी किंमत सेटिंगमध्ये आहे. ब्लूटूथ आतच आहे आणि व्हिक्ट्रॉनकनेक्ट अ‍ॅपला इंटरनेट लागत नाही, म्हणजे रेंज नसलेल्या घाटातही सगळं दिसतं. डब्यातून काढल्यावर तो १२ व्होल्टच्या बॅटरीला भरताना १४.४ आणि भरून झाल्यावर १३.८ व्होल्टवर असतो, हे लेड-अ‍ॅसिडचं सेटिंग आहे. लिथियम फॉस्फेट असेल तर १४.२ आणि १३.५ ठेवा, किंवा बॅटरीवाल्याने दिलेले आकडे, आणि टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (तापमानाप्रमाणे चार्जिंगचे व्होल्ट कमी-जास्त करणं) बंद करा. हे राहून गेलं तर हिवाळ्यात व्होल्टेज चढतं आणि बीएमएस मध्येच बॅटरी तोडतो. ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिडला उलट हे कॉम्पेन्सेशन हवंच. अ‍ॅपमध्ये ३० दिवसांचा इतिहास राहतो: रोज किती वॅट-तास आले, पॅनेलचे सर्वांत जास्त व्होल्ट किती, बॅटरी किती खाली गेली. फांदीची सावली कधीपासून पडू लागली तेही त्यात कळतं. पिन पहिल्याच दिवशी बदला.

उणिवाही आहेत. दिवे थेट कंट्रोलरला जोडायला लोड आउटपुट नाही, ते धाकट्या ७५/१५ मध्ये मिळतं. चार दिवे, एक पंखा आणि २०० वॅटचं पॅनेल एवढाच पसारा असेल तर तोच घ्या, १००/३० वर पैसे घालवू नका. डब्यावर स्क्रीन नाही, फोन नसेल तर त्यावरच्या बारीक दिव्यांवरून नुसता अंदाज. पाण्यापासून संरक्षण फारसं नाही, कोकणातल्या उघड्या पडवीत हा टिकायचा नाही. पूर्ण ताकद ४० अंशांपर्यंतच, त्यापुढे तो स्वतःहून करंट कमी करतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली बसवला तर ३० अँपिअरची आशा धरू नका. भिंतीवर उभा, वर आणि खाली १० सेंटिमीटर मोकळं ठेवून बसवा, पण बॅटरीच्या बरोबर वर नको.

आणि एक छोटी गोष्ट: १२ व्होल्टवर हा स्वतःसाठी ३० मिलीअँपिअर घेतो. व्हॅन पावसाळाभर शेडमध्ये उभी राहणार असेल तर महिन्याला २२ अँपिअर-तास असेच जातात. म्हणून लावून ठेवण्याआधी बॅटरीचा फ्यूज काढा. पॅनेलची तार मात्र त्याच्याही आधी.