फुकट सॉफ्टवेअर कुठून घ्यावं: डाउनलोड साइट, मूळ साइट की विनगेट?

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं की पहिल्या तासाभरात माझ्याकडून चार गोष्टी चढतात: व्हिडिओ पाहायला व्हीएलसी, झिप फाइल उघडायला सेव्हन-झिप, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस आणि चित्रांसाठी गिम्प. चारही मोफत, चारही उत्तम. त्या घ्याव्यात का, हा प्रश्न माझ्यापुरता कधीच संपला. कुठून घ्याव्यात, याचं उत्तर मात्र मी तिन्ही वाटा तुडवून शोधलं: डाउनलोड साइट, निर्मात्याची मूळ साइट आणि विनगेट, म्हणजे कमांड लिहून सॉफ्टवेअर टाकणारं नि ताजं करणारं मायक्रोसॉफ्टचं साधन.

हजारो सॉफ्टवेअर एकत्र ठेवणाऱ्या डाउनलोड साइटना मी सरसकट नावं ठेवणार नाही. जुन्या विंडोजवर चालेल अशी एक आवृत्ती मला शेवटी अशाच ठिकाणी सापडली होती. पण पीडीएफ जोडण्याचं एक छोटं सॉफ्टवेअर अशाच एका साइटवरून घेतलं, तेव्हा इन्स्टॉलरमध्ये एक जादा पान होतं आणि त्यावर टिक आधीच केलेली. घाईत नेक्स्ट दाबलं, ब्राउझरचं सर्च बदललं. ते काढायला अख्खी संध्याकाळ गेली. काही महिन्यांनी नवी आवृत्ती घ्यायला गेलो, तर पुन्हा तेच पान, तीच टिक. हा प्रकार नवा नाही. गिम्पच्या मंडळींनी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज ही डाउनलोड साइट सोडली, ते फसव्या डाउनलोड बटणांच्या जाहिराती आणि सोबत इतर सॉफ्टवेअर गळ्यात मारणारा इन्स्टॉलर यांमुळेच. पुढे २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती जोडणी बंद केली, हेही सांगायला हवं.

मूळ साइट हा जुना, शहाणा सल्ला आहे आणि तो आजही खोटा नाही. फक्त तिथे पोचताना सर्चच्या वरच्या जाहिरातींवर क्लिक करू नका. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाने एक बनावट जाहिरात फिरत होती. तिच्या पत्त्यात एका अक्षराखाली बारीकशी खूण होती, एवढाच काय तो फरक. आणि मूळ साइट म्हणजे अभेद्य किल्ला असंही नाही: २०१७ मध्ये कॉम्प्युटरची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता.

तरीही माझा निर्णय या भीतीने झाला नाही. तो झाला अपडेटमुळे.

आईच्या कॉम्प्युटरवर मी सेव्हन-झिप मूळ साइटवरूनच, नीट पत्ता पाहून टाकलं होतं. बऱ्याच वर्षांनी सहज उघडून पाहिलं, तर आवृत्ती २०१९ सालची. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही आणि नवं काही आलंय असं सांगतही नाही. मधल्या काळात त्यात एक दोष सापडला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज जी खूण ठेवतं, ती विशिष्ट प्रकारे बनवलेल्या झिपमधून बाहेर काढलेल्या फाइलवर उतरत नव्हती, म्हणजे उघडताना इशारा मिळण्याची खात्री नाही. दुरुस्ती नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ आवृत्तीत आली. आईला हे कोण सांगणार होतं? मी. आणि मला पत्ताच नव्हता. उलट जी सॉफ्टवेअर अपडेटची आठवण करतात, ती नेमकी काम चालू असताना खिडकी उघडतात, आणि आई 'नंतर' दाबते.

म्हणून आता विनगेट. विंडोज ११ मध्ये ते बहुधा असतंच, विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'विनगेट अपग्रेड' (winget upgrade) लिहायचं, पुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'ऑल' (--all). ज्यांची नोंद त्याला आपल्या यादीत सापडते ती सगळी सॉफ्टवेअर ओळीने ताजी होतात. फाइल बहुतेक वेळा मूळ निर्मात्याच्या सर्व्हरवरूनच येते, तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, नोंदीशी जुळवला जातो आणि जुळला नाही तर काम तिथेच थांबतं. इन्स्टॉल सहसा मुकाट्याने होत असल्यामुळे ती आगाऊ टिक मला तरी पुन्हा दिसलेली नाही.

उणिवा आहेत. नोंदी बऱ्याचदा निर्माता नव्हे, इतर लोक लिहितात. शोधल्यावर सारख्या नावांची रांग येते, तेव्हा प्रकाशकाचं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. टाइप करायचा कंटाळा असेल तर युनिगेटयूआय हे त्याचंच बटणांचं रूप आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअर त्याहून सोपं, पण तिथे लिबरऑफिसला थोडे पैसे पडतात. ते लिबरऑफिसमागच्या संस्थेलाच जातात, त्यामुळे द्यायला माझी ना नाही. मोफतच हवं असेल तर त्यांची स्वतःची साइट आहे.

वर्षाकाठी एक-दोनच सॉफ्टवेअर घेत असाल आणि आवृत्त्यांवर स्वतः लक्ष ठेवत असाल, तर मूळ साइट पुरेल. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची काळजी वाहत असाल, तर मी विनगेटच सुचवेन. आईकडे गेलो की चहा होईपर्यंत ती एक ओळ चालवतो. गेल्या वेळी सात सॉफ्टवेअर ताजी झाली, त्यात सेव्हन-झिपही होतं.