'वर्म्स': समुद्री जीवांच्या नावांचा सातबारा

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते. समुद्र आमच्या बहुतेक पोरांनी पाहिलेला नाही, तरी प्रॅक्टिकलला नेरेइस असतोच: बरणीत फॉर्मॅलिन, त्यात तपकिरी पडलेला लांबट किडा, दोन्ही अंगांना पॅरापोडियाची, म्हणजे पायांसारख्या मांसल पाळ्यांची रांग आणि त्यातून डोकावणारे राठ केस. गांडूळ सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, हे गांडूळ समुद्रात कायले गेलं?" दुसरा प्रश्न नावाचा. त्यासाठी मी 'वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज' वापरते. सगळे तिला वर्म्स म्हणतात. ही वेबसाइट फुकट आहे, पाहायला लॉगिन लागत नाही. कारभार बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या फ्लँडर्स मरीन इन्स्टिट्यूटकडे, आणि प्रत्येक गटाची नावं त्या त्या गटाचे जाणकार संपादक सांभाळतात.

आमच्या बरणीवर लिहिलंय 'नेरेइस व्हायरेन्स'. हे नाव शोधलं की समोर 'अनअ‍ॅक्सेप्टेड' येतं आणि शेजारी चालू नाव: अलिट्टा व्हायरेन्स (एम. सार्स, 1835). एका पोरीनं लगेच विचारलं, "त्या माणसाचं नाव कंसात कायले टाकलं?" प्राणिशास्त्राच्या नियमानं, जातीला (स्पीशीजला) पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव कंसात आलं तर समजायचं की त्यानं ती वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दाखाली) ठेवली होती, पुढे ती हलवली गेली. कंस नसेल तर ती होती तिथंच आहे, उदाहरणार्थ नेरेइस पेलाजिका लिनियस, 1758. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचणाऱ्या घरातल्या पोरांना हे समजवायला वेळ लागत नाही. पानाच्या तळाशी कोणत्या तारखेला कोणी नोंद केली, कोणी बदलली, तेही दिसतं.

या कंसातल्या सार्सवर मी तासाचा बराच वेळ घालवते. मायकेल सार्स तेव्हा प्राध्यापक नव्हता. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर किन नावाच्या आडगावी तो पाद्री होता. बर्गेनच्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांचं त्याचं पुस्तक 1835 मध्ये निघालं, त्यात हा किडा आहे. प्राध्यापकी त्याला मिळाली 1854 मध्ये. मोठ्या शहराबाहेर बसून केलेलं काम आज जवळजवळ दोनशे वर्षं नावाला चिकटून आहे, हे आमच्या पोरांना कळायलाच पाहिजे असं मला वाटतं.

लिनियसच्या नेरेइसमध्ये पुढच्यांनी असले पुष्कळ किडे भरले. स्वीडनचा प्राणिशास्त्रज्ञ किनबर्ग 1851 ते 1853 मध्ये युजीनी जहाजावरून जगभर फिरला आणि 1865 मध्ये त्यानं या कुळाची नीट वाटणी मांडली. अलिट्टा, नियांथीस, पेरिनेरेइस ही नावं त्याचीच. खूण कशाची धरली? बाहेर येणाऱ्या घशावरच्या बारीक काळ्या दातांची. आमच्या बरणीतल्या नमुन्याचा घसा आत ओढलेला होता. खालच्या बाजूनं उभा छेद देऊन कातडी टाचण्यांनी ताणली, तेव्हा मायक्रोस्कोपखाली दोन वाकडे जबडे आणि त्यांच्या मागे तिळाहून कितीतरी लहान दातांचे पुंजके दिसले. वर्ग एकदम गप्प झाला. नाव बदलण्याचं कारण पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

समानार्थी नावांची यादी तर वाचण्यासारखीच. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या याच किड्याला कात्रफाज या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं 1866 मध्ये 'नेरेइस यांकियाना' केलं होतं, तेही व्हायरेन्समध्येच जमा झालं. 'हेटेरोनेरेइस' ही अख्खी वेगळी प्रजाती मानली जायची. मग लक्षात आलं की प्रजननाच्या काळात नेरेइसच रूप बदलतो, डोळे मोठे होतात, पॅरापोडिया पोहायला रुंद होतात, आणि तोच हा. एका प्राण्याच्या दोन अवस्था, दोन नावं.

भारतातल्या जातींसाठी याच कुळातली लायकॅस्टिस इंडिका शोधून बघा. साउदर्न या संशोधकानं 1921 मध्ये चिल्का सरोवर आणि देशातल्या इतर गोड्या-मचूळ पाण्यातल्या किड्यांवरच्या लेखात ती मांडली. हार्टमननं 1959 मध्ये नॅमॅलिकॅस्टिस प्रजाती केल्यावर ती तिकडे गेली, म्हणून साउदर्नही कंसात.

आता उणं. सगळं इंग्रजीत आहे, आणि मोबाइलवर पान फार गच्च वाटतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी एकट्यानं उघडलं तर गांगरतील, शेजारी बसून दाखवावं लागतं. मूळ वर्णनं बऱ्याचदा लॅटिन किंवा युरोपातल्या भाषांत. आणि एक गोष्ट ठळक सांगते: वर्म्स नावाचा हिशेब देतं, तुमच्या बरणीत काय आहे ते नाही. आमचा नमुना पुरवणाऱ्यानं चिठ्ठीवर ना किनारा लिहिला ना तारीख. असा नमुना शिकवायला चालतो, जात ठरवायला अपुरा पडतो. खरेदी करणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं ठिकाण आणि तारीख मागितलीच पाहिजे.

ठिकाणाला किती वजन आहे ते याच किड्यावरून दिसतं. उत्तर पॅसिफिकमधल्या व्हायरेन्स गटाची व्हिलालोबोस-गुएरेरो आणि बाकेन यांनी फेरतपासणी केली, ती 2018 मध्ये झूटॅक्सा या संशोधनपत्रिकेत आली, आणि व्हायरेन्समध्ये मिसळलेल्यांतले काही पुन्हा वेगळे निघाले. छापील पुस्तकात हे यायला वर्षं जातात. आमच्या नोट्समध्ये अजून 'नेरेइस व्हायरेन्स'च आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मराठीसाठी राखून ठेवलाय. शिकवणाऱ्यांनी सुरुवात नेरेइस पेलाजिकाच्या पानापासून करावी, मग व्हायरेन्सवर यावं. बिनकंसाचं आधी पाहिलं की कंसाचा अर्थ पोरं स्वतःच काढतात.