गाइड खरी, वाहिन्या चोरीच्या: ‘लाइफटाइम’ टीव्ही पेटीचा अनुभव

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, सांगलीच्या घरी एका विक्रेत्याने ‘आयुष्यभर सर्व वाहिन्या’ असे आश्वासन देऊन टीव्हीला जोडायची अँड्रॉइड पेटी बसवून दिली. ‘काका, केबलवाल्याला आता रामराम करा,’ असे सांगून त्याने पेटी आणि वर्गणी मिळून सहा हजार रुपये यूपीआयने घेतले आणि पावती देण्याचे टाळले. काही आठवड्यांतच सर्व वाहिन्या बंद पडल्या आणि त्याचा फोनही लागेनासा झाला. अशा पेट्यांची जाहिरात व्हॉट्सॲपवर अजूनही फिरत असल्यामुळे, त्यांच्या आत नेमके काय असते हे मी सविस्तर लिहीत आहे.

पेटीत कोडी हे सॉफ्टवेअर होते. ते विनामूल्य असून २०१४ पर्यंत एक्सबीएमसी या नावाने ओळखले जात असे. घरातील चित्रपट, गाणी आणि छायाचित्रे एकाच पडद्यावर आणण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु त्याच्याबरोबर एकही वाहिनी येत नाही, आणि ‘सगळे भरून’ विकल्या जाणाऱ्या पेट्यांशी आपला काहीही संबंध नाही, हे त्याच्या निर्मात्यांनी वेळोवेळी जाहीर केले आहे. विक्रेत्याने अण्णांना ‘कोडीची अधिकृत वर्गणी’ विकली. अशी वर्गणी अस्तित्वातच नाही.

अण्णांचा विश्वास बसला तो मुख्यतः कार्यक्रमांच्या गाइडमुळे. वाहिन्यांची बोधचिन्हे, शेजारी कार्यक्रमांची नावे, वेळा आणि थोडक्यात माहिती हे सारे इतके व्यवस्थित दिसत होते की त्यामागे एखादी मान्यताप्राप्त कंपनी असावी, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात गाइड आणि वाहिनी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वाहिन्यांचे पत्ते एम३यू प्रकारच्या यादीत असतात, कार्यक्रमांच्या वेळा एक्सएमएलटीव्ही प्रकारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात, आणि कोडीमधील आयपीटीव्ही सिंपल क्लायंट हे ॲड-ऑन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, वाहिनीच्या ओळखक्रमांकावरून त्या दोहोंची सांगड घालते. वेळापत्रकाची फाइल कोणीही कोठूनही मिळवून जोडू शकतो. त्यावरून वाहिनी दाखवण्याचा परवाना आहे की नाही, याविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच वाहिन्या काळ्या पडल्यानंतरही अण्णांच्या टीव्हीवर गाइड रोज नव्या कार्यक्रमांनी भरत राहिली आणि ‘आपल्याच इंटरनेटमध्ये बिघाड असेल’ या समजुतीत तक्रारीचे मोलाचे दिवस निघून गेले.

सुरुवातीला गाइडमधील वेळा साडेपाच तासांनी पुढे दिसत होत्या. रात्री साडेआठचा कार्यक्रम पहाटे दोन वाजता असल्याचे दिसे. वेळापत्रकाच्या फाइलमध्ये वेळेपुढे +०५३० हा भारतीय वेळेचा फरक नोंदवलेला नसला की ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजली जाते आणि असे घडते. ॲड-ऑनच्या सेटिंगमध्ये वेळ मागे-पुढे सरकवण्याची सोय असते व तिला एक पैसाही लागत नाही. विक्रेत्याने याच कामाचे ‘सर्व्हर दुरुस्ती’ म्हणून वेगळे पाचशे रुपये घेतले. एका निवृत्त माणसाच्या अज्ञानाचा असा हिशेब करणे मला मूळ फसवणुकीपेक्षाही अधिक संतापजनक वाटते.

मी ॲड-ऑनच्या सेटिंगमधील यादी उघडली तेव्हा खरा प्रकार समजला. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या सर्व कंपन्यांच्या सशुल्क वाहिन्या एकाच अनोळखी सर्व्हरवरून येत होत्या आणि प्रत्येक पत्त्यात तेच वापरकर्तानाव व तोच पासवर्ड होता. अशी साखळी परवान्याशिवाय चालते आणि सर्व्हर बंद झाला की ‘लाइफटाइम’ त्याच क्षणी संपते.

पुढचा प्रसंग अधिक गंभीर होता. पैसे परत मागणारा संदेश पाठवल्यावर एका नव्या क्रमांकावरून ‘रिफंडसाठी’ क्यूआर कोड आला आणि तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकण्यास सांगण्यात आले. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. सासूबाईंनी हे ओळखून फोन बाजूला ठेवला, म्हणून उरलेली रक्कम वाचली.

कोडीसारख्या घरच्या मीडिया सेंटरवर थेट टीव्ही हवा असेल तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेला मासिक शुल्क नाही. जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवलेली डिश आणि डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचे संकेत घेणारे उपकरण) घेऊन, त्यावरील वाहिन्या कोडीला पुरवणारे टीव्हीहेडएंड हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवले की तिच्यावरील खुल्या वाहिन्या कोडीमध्ये पाहता येतात. सशुल्क वाहिन्या सांकेतिक स्वरूपात येत असल्यामुळे त्यांना अधिकृत सेट-टॉप बॉक्स किंवा त्या कंपनीचे ॲपच लागते. कोणी याहून वेगळे सांगत असेल, तर वाहिन्यांचा परवाना कोणाच्या नावावर आहे हे त्याला विचारावे आणि छापील पावती मागावी.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. आम्ही उशिरा तक्रार नोंदवली असून व्यवहाराचा यूपीआय संदर्भ क्रमांक, संदेशांची छायाचित्रे आणि यादीतील सर्व्हरचा पत्ता तिला जोडला आहे. पेटी तशीच बंद करून ठेवली आहे, कारण फॅक्टरी रीसेट केल्यास तो पत्ता तिच्यातून पुसला जाईल.