गोळ्यांचा सात दिवसांचा डबा: पावसाळ्यापासून वापरतोय

बाबांची शुगर जुनी. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री पुन्हा मेटफॉर्मिन, वर कोलेस्टेरॉलची आणि बीपीची. गोळ्यांना त्यांची ना नव्हतीच. घेतली की नाही, यावरूनच घरात रोज वाद. फोनला अलार्म लावला, तर बाबा तो बंद करून पुन्हा पेपरात डोकं घालायचे. अलार्म वाजला एवढंच कळायचं, गोळी पोटात गेली का ते नाही.

राजवाड्याजवळून आणलेल्या या साध्या प्लास्टिकच्या डब्याने तेवढं काम चोख केलं. दिवसाला तीन खण. मंगळवार रात्रीचा रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. राहिलेली दिसली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे मात्र बाबांना बजावावं लागलं. रविवारी पोहे-जलेबी आटोपली (जलेबी आमची, बाबांची नाही) की आई डबा भरते, तेव्हाच किती गोळ्या उरल्या ते दिसतं. पूर्वी संपल्यावर ‘उद्या आणतो’ म्हणत दोन-चार दिवस असेच जायचे.

डब्याला एकादशी कळत नाही, ही खरी अडचण. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं तर शुगर धोक्याइतकी खाली येऊ शकते. म्हणून उपवासाला कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे डॉक्टरांकडून लिहून आणलं. त्या खणात आई चिठ्ठी घालते. घाम, थरथर सुटली की आधी मोजायचं, ७० च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज. पुडी बाबांच्या खिशातच असते.

खणांवर इंग्रजी आद्याक्षरं, त्यात ‘टी’ दोनदा आणि ‘एस’ही दोनदा. आईने मार्करने सो, मं, बु लिहून टाकलं. काही गोळ्यांना ओल चालत नाही. केमिस्टला विचारून त्या पाकिटासकट कात्रीने कापून ठेवतो.

एचबीए१सी ही रक्ताची तपासणी शुगरची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे एकदा बोट टोचून डब्याची परीक्षा होत नाही. आमचा आकडा आठच्या वरून साडेसातच्या आत आला. अर्थात बाबा नेहरू पार्कात नेमाने फिरायलाही लागलेत, सगळं श्रेय डब्याला देणार नाही.

पुढचा मोठ्या खणांचा घेईन. मेटफॉर्मिनची हजारची गोळी चांगलीच लांबट असते; रात्रीच्या खणात तिच्यासोबत बाकीच्या दोन कोंबल्या की झाकण बसत नाही.