मायक्रोसॉफ्ट टू डू : रोज रात्री बाराला यादी पुसून टाकणारं ॲप

पहिले सांगून टाकतो, मी काही टेकवाला माणूस नाही. नागपूरच्या गांधीबागेत कपड्याच्या दुकानावर माळ्यावर माझं छोटंसं ऑफिस आहे, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो, मी, एक असिस्टंट पोरगा आणि एक कूलर, बस. क्लायंट बहुतेक गांधीबाग-इतवारीतलेच, दोन-तीन कळमन्याचे. हे ॲप मी २०२० पासून वापरतोय म्हणजे चार दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यातला नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

आमच्या धंद्यात महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस भरा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न, तिमाहीवाल्यांची हीच दोन रिटर्न १३ आणि २२ ला, वरून जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ ला ॲडव्हान्स टॅक्स. या तारखा मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन, घोळ तारखांचा नसतोच. घोळ हा असतो की तीस-बत्तीस लोकांपैकी कोणाचं काय कुठं अडकलंय. कोणाचं बँक स्टेटमेंट आलं नाही, कोणाची खरेदीची बिलं पोरानं घरी ठेवली, कोणी ओटीपी द्यायच्या टायमाला लग्नाला गेला. हे सगळं आधी मी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्या सरकवून सांभाळायचो, आणि जे काचेखाली मावत नव्हतं ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचो आणि मग स्वतःचेच मेसेज वाचायचो नाही.

टू डूच्या आधी थोडे दिवस वंडरलिस्ट नावाचं यादीचंच ॲप वापरत होतो, जुन्या लोकांना आठवत असेल. बर्लिनच्या कंपनीचं होतं, मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये ती कंपनी घेतली, २०१७ मध्ये टू डू काढलं आणि ६ मे २०२० ला वंडरलिस्ट बंद केलं. भर लॉकडाऊन, ऑफिसला कुलूप, घरी बसून मी माझ्या याद्या इकडून तिकडे इम्पोर्ट करून राहिलो होतो. आई म्हणे, दुनिया बंद पडली अन् तू कामाच्या याद्या कायले बनवून राहिला. बरोबरच होतं तिचं.

आता ॲपवर येतो. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, फोनवर, कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये सगळीकडे चालतं आणि एका जागी टाकलेलं दुसऱ्या जागी दिसतं. मराठीत टाइप करता येतं, मी तर निम्मं मराठी निम्मं इंग्रजी असंच लिहितो. याद्या बनवा, यादीत काम टाका, कामाला तारीख द्या, रिमाइंडर द्या, दर महिन्याला रिपीट लावा, कामाच्या पोटात छोट्या छोट्या स्टेप टाका, पीडीएफ नाहीतर फोटो जोडा, २५ एमबीपर्यंतची फाइल चालते. एवढं तर आजकाल सगळेच देतात, त्यात काही विशेष नाही.

विशेष आहे ते 'माय डे'. हा एक कोरा कागद समजा. सकाळी ॲप उघडलं की हा रिकामा असतो आणि आपण आपल्या बाकी याद्यांतून आजची कामं उचलून इथं आणायची. बल्बचं चिन्ह दाबलं की ॲप सुचवतं पण, की हे काल राहिलं, हे आज आहे. आणि रात्री बारा वाजले की माय डे परत कोरा. कामं डिलीट होत नाहीत, आपापल्या यादीत जिथं होती तिथं सुरक्षित राहतात, फक्त आजच्या कागदावरून उतरतात.

सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. अरे मी काल एवढी मेहनत करून यादी लावली आणि तू पुसून टाकली? दोन-तीन आठवडे मी माय डे वापरणंच सोडलं होतं, सरळ मोठ्या यादीतूनच काम करायचो. त्या यादीत तेव्हा दीडशेच्या वर कामं जमली होती, त्यातलं एक 'ऑफिसचा पंखा बघणे' असं होतं, ते मी रोज बघायचो, पंखा नाही, ते काम. मग एका सकाळी तर्री पोहे खाता खाता सहज माय डेमध्ये पाचच कामं टाकली आणि संध्याकाळी पाचही झालेली. तेव्हा समजलं की हे पुसणं म्हणजे रोज सकाळी विचारणं आहे, की बाबा हे खरंच आज करणार आहेस का. पंख्याचं काम मी अकरा दिवस उचललं नाही आणि बाराव्या दिवशी यादीतूनच उडवलं. पंखा अजून तसाच कुरकुरतो, पण आता डोक्यात कुरकुरत नाही.

एका सप्टेंबरची गंमत सांगतो. २०२५ ला इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती, तेव्हा मी कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून सगळी कामं एकदम सिलेक्ट केली आणि राइट क्लिकनं नवी तारीख टाकली, दोन मिनिटांत झालं, काचेखालच्या चिठ्ठ्यांवर हे केलं असतं तर अख्खी दुपार गेली असती. पण आपले लोक तारीख वाढली की झोपतात, त्यामुळे १५ च्या रात्री आम्ही दोघं ऑफिसातच. माय डेमध्ये नऊ नावं बाकी. आणि रात्री उशिरा बातमी आली की अजून एक दिवस वाढवला. आम्ही अजून एकमेकांकडे बघतच होतो तर बारा वाजले आणि माझ्या समोर माय डे कोरा! नऊच्या नऊ गायब. पोरगा म्हणे, सर, ॲपनंपण माफ केलं. मग चहा पिऊन आलो आणि तीच नऊ नावं परत एकेक उचलून १६ तारखेच्या कागदावर टाकली.

आता माझी फजिती. रिपीटवालं काम टिक केलं की ते 'कम्प्लीटेड'मध्ये जातं आणि पुढच्या महिन्याचं नवीन काम आपोआप तयार होतं, हे खूप सोयीचं आहे आणि डेंजरही आहे. एकदा मेट्रोत उभ्या उभ्या स्क्रोल करताना एका क्लायंटच्या थ्री-बीवर माझा अंगठा लागला असणार, टिंग वाजलं असणार, सीताबर्डी स्टेशनच्या गर्दीत कोण ऐकतो. काम गेलं पुढच्या महिन्यात. २० तारीख निघून गेली आणि मला वाटलं सगळं झालं, यादी तर साफ दिसते ना. २२ ला पोरानं पोर्टलवर बघून सांगितलं. दिवसाला ५० रुपये लेट फी, दोन दिवसांचे १०० आणि वर थोडंसं व्याज, पैसे मी खिशातून भरले, रक्कम काही मोठी नाही पण शेठसमोर मान खाली गेली ती गेली. यात ॲपला मी दोष देत नाही, अंगठा माझा होता. पण तेव्हापासून नियम केला, रिटर्न फाइल झाल्यावर जो एआरएन नंबर येतो तो आधी लाल डायरीत लिहायचा आणि मगच टिक करायची. हो, डायरी आहेच अजून, एक कपडेवाला दरवर्षी दिवाळीला देतो.

दुसरी गोष्ट जी मला कोणी शिकवली नाही आणि ॲपमध्येही रेडिमेड नाही. मी 'दुसऱ्याकडे अडकलेलं' अशी एक वेगळी यादी केली. कारण नीट बघितलं तर माझी निम्मी कामं माझी नव्हतीच, ती समोरच्यानं कागद दिल्याशिवाय हलणारच नव्हती, आणि मी उगाच त्यांना माझ्या यादीत ठेवून स्वतःला आळशी समजत होतो. आता कागद मागितला की काम त्या यादीत, चार दिवसांनंतरचा रिमाइंडर, आणि नोटमध्ये तारीख की कधी मागितलं. याचा फायदा असा की भांडणात उपयोगी पडतं. "भाऊ, पाठवून देतो ना बिलं, काऊन टेन्शन घेता!" असं म्हणणाऱ्याला आता मी शांतपणे तीन तारखा वाचून दाखवतो.

आणि काम लिहायची पद्धत. आधी मी फक्त 'मिरचीवाले शेठ' असं लिहायचो आणि दोन दिवसांनी माझं मलाच समजायचं नाही की शेठचं करायचं काय होतं. आता 'मिरचीवाल्या शेठला फोन करून ऑगस्टचं स्टेटमेंट मागणे' असं पूर्ण लिहितो. टाइप करायला दहा सेकंद जास्त लागतात पण नंतर डोकं खाजवावं लागत नाही.

कमी काय आहे? कार्ड इकडून तिकडे सरकवायचा बोर्ड नाही, पाच-सात जणांची टीम असेल तर ट्रेलोसारखं काहीतरी बरं. पोमोडोरोचं घड्याळ, म्हणजे ठराविक वेळ काम मग थोडी सुट्टी असं मोजणारं, ते नाही, हवं असेल तर टिकटिक नावाचं ॲप बघा. जीमेल आणि कॅलेंडरमध्येच बसून काम करता आणि फार काही नको असेल तर गूगल टास्क्स पुरेसं आहे. टूडूइस्टपण चांगलं आहे पण त्याच्या फुकटवाल्यात पाचच प्रोजेक्ट, माझ्यासारख्याचं त्यात भागत नाही. एक पैसेवालं ॲपही घेतलं होतं मध्ये, नाव घेत नाही, चार दिवस वापरलं आणि पुढच्या वर्षी आपोआप पैसे कापले गेले, तेव्हा आठवलं की असं काही घेतलं होतं. ते रद्द करायचं काम कोणत्याच यादीत नव्हतं!

रिमाइंडरबद्दल एक सांगतो, माझ्या जुन्या फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नादात फोनच ॲपला झोपवायचा, नोटिफिकेशन दोन-दोन तास उशिरा. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपची बॅटरीची बंधनं काढली तेव्हा सुधारलं. नवीन टाकणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करून घ्या. आणि पहिला रविवार याद्यांना रंग आणि इमोजी लावण्यात घालवू नका, यादीच्या नावाच्या सुरुवातीला इमोजी टाकली की तेच तिचं चिन्ह होतं, मी संत्र्याची इमोजी लावून 'घर' यादी इतकी सुंदर केली होती की तिच्यात एक काम टाकायला आठवडा लागला.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बोर्ड नाही म्हणून.

घरचा किराणा मात्र शेअर केलेल्या यादीत आहे, लिंक पाठवली की दोघांना दिसते. मिसेस घरून टाकते, मी इतवारीतून निघताना घेतो. पहिले ती फोन करायची, आता करत नाही, सरळ यादीत लिहिते. काल संध्याकाळी बघितलं तर 'साबुदाणा' आणि त्याच्या खाली स्टेपमध्ये 'अहो, हा तिसऱ्यांदा लिहिला आहे'.