गावात गेम सर्व्हर कायम चालू ठेवायचा तर काय वापरावं: स्क्रीन, सिस्टमडी का डॉकर?

लिनक्सवर माईनक्राफ्टचा सर्व्हर सुरू करायला काही लागत नाही भाऊ, जावा टाकलं, सर्व्हरची जार फाईल उतरवली, युला (अटी मान्य केल्याच्या) फाईलमध्ये फॉल्सचं ट्रू केलं आणि टर्मिनलात कमांड मारली की २५५६५ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडायच्या दरवाजाचा नंबर) सर्व्हर उभा. पण टर्मिनल बंद केलं की तोही बंद. मग तो बॅकग्राउंडले कायम कसा चालवायचा हे ठरवावं लागते, आणि आपल्या यवतमाळ-वर्धेकडच्या गावात ते ठरवतांना पहिले एकच पाहायचं, लाईट गेल्यावर काय होते आणि आल्यावर काय होते. गेमचा स्पीड-बिड तिन्हीत जवळपास सारखाच राहते.

स्क्रीन म्हणजे टर्मिनल मागं चालू ठेवणारा प्रोग्राम, जुनं खोड, १९८७ पासूनचं. त्याच्यात सर्व्हर सुरू करा, डिटॅच करा (म्हणजे चालू ठेवून बाहेर पडा), लॉगआउट करा, सर्व्हर चालत राहते. टीमक्स नावाच्या तशाच प्रोग्रामचंही तसंच. याचा मोठा फायदा म्हणजे कन्सोल (सर्व्हरले हुकूम द्यायची खिडकी) हाताशी राहते, परत अटॅच केलं की कोणाले व्हाईटलिस्ट करायचं (आत घ्यायचं), कोणाले किक करायचं (बाहेर काढायचं), सरळ टाईप करा. नवीन मॉड तपासायचं असन तर मी आजही स्क्रीनच वापरतो. पण रात्री डीपी उडाली, सकाळी लाईनमन येऊन गेला, मशीन चालू झाली तरी सर्व्हर काही चालू होत नाही, तो हातानंच सुरू करावा लागते, आणि तुम्ही तवा वावरात असता अन् इकडे सारे पोट्टे मोबाईल घेऊन फोनावर फोन करून राहतात. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या यादीत) ॲट-रीबूटची ओळ टाकून बूटचं काम भागते, पण मेमरी संपून सर्व्हर मधातच पडला तर त्याले उठवणारं कोणी नाही.

तिथंच सिस्टमडी कामाला येते, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम. २०१० मध्ये आलं, आता उबुंटू, डेबियन, फेडोरा सगळ्यात आधीपासून असतेच, म्हणजे डेटा खर्च करून वेगळं काही उतरवायचं नाही. एक छोटी सर्व्हिस फाईल लिहायची: युजर कोणता (रूट म्हणजे सारे अधिकार असलेला युजर नको, गेमसाठी वेगळा बनवा), वर्किंग डिरेक्टरी कोणती, आणि एक्झेक-स्टार्टमध्ये जावाचा पूर्ण पाथ देऊन कमांड. मग सिस्टमसीटीएल कमांडनं इनेबल केलं की प्रत्येक बूटले सर्व्हर आपोआप उठते. लॉग पाहायचा तर जर्नलसीटीएल कमांड.

रिस्टार्टच्या ओळीवर मात्र थोडं थांबा. ऑलवेज टाकलं तर गेममधून स्टॉप मारल्यावरही सर्व्हर परत उभा राहते, म्हणून ऑन-फेल्युअर टाका, पडला तरच उठन. रिस्टार्ट-सेक, म्हणजे परत उठवायच्या आधी थांबायचा वेळ, आपोआप फक्त १०० मिलिसेकंद असते, ते १५ सेकंद करा, नाहीतर कॉन्फिगमध्ये गडबड असली की जुना लॅपटॉप पडउठ करतच तापते, आणि मे महिन्यात खोलीच आधी तापलेली राहते. अजून एक, सिस्टमडी सर्व्हर थांबवतांना सिगटर्म (बंद हो असा इशारा) पाठवते, माईनक्राफ्ट त्याच्यावर वर्ल्ड सेव्ह करूनच बंद होते, पण जावा बाहेर पडतांना १४३ कोड देते आणि स्टेटसमध्ये लाल अक्षरात फेल्ड दिसते. काही बिघडलेलं नसते, सक्सेस-एक्झिट-स्टेटसमध्ये १४३ लिहिलं की झालं. सेव्ह करायला बहुतेक ठिकाणी ९० सेकंद मिळतात (फेडोरात कमी), घरगुती वर्ल्डले भरपूर आहेत.

सिस्टमडीत कमी एकच, कन्सोल नाही. त्याच्यासाठी सर्व्हर-प्रॉपर्टीज फाईलमध्ये आरकॉन (दुरून हुकूम द्यायची सोय) चालू करायचं, पोर्ट २५५७५, पासवर्ड चांगला ठेवायचा आणि हे पोर्ट बाहेर इंटरनेटवर बिलकुल उघडायचं नाही, कारण त्याच्यात पासवर्ड एन्क्रिप्ट न होता जाते.

डॉकर म्हणजे प्रत्येक सर्व्हर त्याच्या साऱ्या सामानासकट वेगळ्या डब्यात (कंटेनरात) चालवणारा प्रोग्राम. चांगलंच आहे, पण गरज असली तर. एका सर्व्हरले जुनं जावा लागते, दुसऱ्याले नवं, असे दोन-तीन सर्व्हर एकाच मशीनवर ठेवायचे असतील तर डॉकरनंच डोकं शांत राहते, आणि रिस्टार्ट पॉलिसी अनलेस-स्टॉप्ड ठेवली की लाईट आल्यावर कंटेनरही उठते. पण इमेज (कंटेनर बनवायची तयार फाईल) शेकड्यांनी एमबीची, मोबाईल डेटावर उतरवायची असन तर विचार करा. वर्ल्डचं फोल्डर व्हॉल्यूम म्हणून कंटेनरच्या बाहेर ठेवलं नाही तर कंटेनर काढून टाकला त्या दिवशी पोट्ट्यांचं सारं बांधकाम गेलं. आणि डॉकर स्टॉप आपोआप १० सेकंदच वाट पाहते, मग सरळ मारून टाकते, कंपोज फाईलमध्ये (डॉकरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) स्टॉप-ग्रेस-पिरियड एक मिनिट करून घ्या.

आता लाईट अचानक गेल्याचं. डेस्कटॉप असन तर सिगटर्म पाठवायलाच कोणी उरत नाही, तिन्ही मार्ग सारखेच हतबल, शेवटच्या सेव्हनंतरचं जाते. म्हणून मी तर म्हणतो बॅटरी थोडी तरी टिकणारा जुना लॅपटॉपच सर्व्हर करा. लॉगइनडीच्या (झाकण-बटणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये झाकण लावल्यावर इग्नोर करा म्हणून सांगा, यूपॉवरच्या (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्याच्या) कॉन्फिगमध्ये बॅटरी संपत आली की पॉवर-ऑफ ठेवा, मग मशीन रीतसर बंद होते आणि सिस्टमडी जाता जाता वर्ल्ड सेव्ह करून घेते. बायोसमध्ये चार्जरची लाईट आली की आपोआप चालू व्हायचा पर्याय आहे का ते पाहा, सगळ्या लॅपटॉपात नसते, डेस्कटॉपात बहुतेक सापडते. डेस्कटॉपच असन तर इन्व्हर्टरवर घ्या.

तर एक मशीन, एक गेम, गावातल्या वायफायवर खेळणारे पाच-सात जण असतील तर सिस्टमडी घ्या, माझं मत पक्कं आहे. ज्यांच्याकडे नुसते मोबाईल आहेत त्यांच्यासाठी लुआंटी हा माईनक्राफ्टसारखाच गेम पाहा, २०२४ पर्यंत त्याले माईनटेस्ट म्हणत, फुकट आहे, अँड्रॉइडवर चालते, पोर्ट ३००००, आणि डेबियनच्या सर्व्हर पॅकेजसोबत सर्व्हिस फाईल तयारच येते. नागपूर-पुण्यातल्या मित्रांनाही जोडायचं असन तर इंटरनेट कंपनी बरेचदा एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पुष्कळ घरांना वाटते, पोर्ट फॉरवर्ड होत नाही (बाहेरून येणारं तुमच्या मशीनकडे वळवता येत नाही), तो त्रास तिन्हीत तसाच राहते.

फाईल लिहून झाली की पोट्ट्यांले सांगायच्या आधी एकदा मशीन रीबूट करा, काही हात लावू नका, दोन मिनिटांनी दुसऱ्या लॅपटॉपवरून (लुआंटी असन तर फोनवरूनही) जॉइन होऊन पाहा.